पासवर्ड सापडतो, पण कोणाच्या कॉम्प्युटरवर?

शिरपूर जैनसारख्या गावात शिष्यवृत्तीचा किंवा एखाद्या योजनेचा अर्ज घरच्या कॉम्प्युटरवरून क्वचितच भरला जातो. तो भरतात सेतू केंद्रात, नाहीतर ऑनलाइन कामं करून देणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानात. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरचं खातं तिथेच उघडतं, पासवर्ड तिथेच ठरतो आणि तो सेव्ह करायचा का, या ब्राउझरच्या प्रश्नाला घाईत होकारही तिथेच दिला जातो. पुढच्या वर्षी नूतनीकरणाची तारीख जवळ आली की विद्यार्थ्याला काही आठवत नाही. मग दुकानदार क्रोमच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबतो, पासवर्ड मॅनेजर उघडून पोर्टलचं नाव शोधतो आणि डोळ्याच्या खुणेवर क्लिक करतो. विंडोजचा पिन टाकला की काळ्या टिंबांच्या जागी अक्षरं उमटतात. विद्यार्थी सुटकेचा निःश्वास टाकतो. माझ्या मते त्याने इथेच सावध व्हायला हवं, कारण पासवर्ड वर्षभर दुकानात होता आणि तो बघायला विद्यार्थ्याची गरजच नव्हती.

नीट बांधलेलं पोर्टल पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही. त्याचा उलट फिरवता न येणारा हॅश ठेवतं, म्हणून ते जुना पासवर्ड सांगू शकत नाही, नवा करायला लावतं. ब्राउझरची गोष्ट वेगळी. त्याला दरवेळी खरी अक्षरं भरायची असतात, त्यामुळे ती परत उलगडता येतील अशीच ठेवावी लागतात. विंडोजवर क्रोम ती कूटबद्ध करतो, पण किल्ली त्या विंडोज खात्याशी बांधलेली असते. नुसती फाइल पेनड्राइव्हवर नेली तर दुसऱ्या मशीनवर ती उघडत नाही, मात्र त्याच खात्यात बसलेल्या माणसाला फारशी आडकाठी नसते. २०१३मध्ये पासवर्ड असे उघडे दिसतात म्हणून क्रोमवर टीका झाली, तेव्हा त्याच्या सुरक्षा विभागाचे प्रमुख जस्टिन शू यांचं म्हणणं साधारण असं होतं, की कोणी तुमच्या खात्यात शिरलाच तर वरवरचा अडसर फक्त खोटा दिलासा देतो. पिनची अट नंतर आली, पण तो पिन दुकानदाराचाच. दुकानाच्या क्रोममध्ये गूगल खात्याचं सिंक चालू असेल तर विद्यार्थ्याचा पासवर्ड दुकानदाराच्या मोबाइलवरही पोचतो.

यावर कोणी म्हणेल, दुकानदार ओळखीचा आहे, वर्षानुवर्षं कामं करून देतो. असेलही. पण तेच मशीन हाताखालची मुलं वापरतात, ते दुरुस्तीला जातं, विकलं जातं. ब्राउझरमधले पासवर्ड उपसणारे 'रेडलाइन'सारखे मालवेअर माणसाची सचोटी बघत नाहीत. दुसरा आक्षेप असा की ओटीपी असताना पासवर्डची चिंता कशाला? ओटीपी खातं उघडताना दिलेल्या नंबरवर येतो आणि रिचार्जअभावी बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देते. मग पासवर्ड सेव्हच करू नये का? इतकं टोक मला पटत नाही. तसं केलं तर लोक सगळीकडे नाव आणि जन्मसाल घालतील किंवा पासवर्ड फॉर्मच्या मागे लिहून ठेवतील. शिवाय ब्राउझर मूळ पत्ता जुळला तरच पासवर्ड भरतो, त्यामुळे हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइटवर तो फसत नाही. सोय चांगलीच आहे, फक्त ती आपल्या मशीनवर हवी.

आपलं म्हणजे बहुतेक घरांत मोबाइल, आणि तेवढा पुरतो. अँड्रॉइडवर पासवर्ड आपल्या गूगल खात्यात राहतो, स्क्रीन लॉक मात्र हवं. त्यामुळे केंद्रात जुना पासवर्ड सापडला की त्याने अर्ज पुरा करा, आपल्यासमोर तिथल्या ब्राउझरमधली नोंद डिलीट करायला सांगा आणि त्याच दिवशी स्वतःच्या फोनवरून पासवर्ड बदला. नुसती नोंद काढून भागत नाही, कारण तो आधीच कोणी पाहिला असेल तर ते कळायला मार्ग नसतो.