ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी गाडी सुरू का होत नाही?

रत्नागिरी शहरातून काजळी नदीच्या मुखावरचा पूल ओलांडला की भाट्ये लागते. खाडी, समुद्र, किनाऱ्यालगत सुरूचे बन. अशा जागी लोखंडाची वस्तू चार महिने न हलवता ठेवली तर तिचे काय होते, हे कोकणातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. आमच्या थोरल्या भावाची अडीचशे सीसीची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल तेथील घराच्या पडवीत मे महिन्यापासून उभी होती. गणपतीच्या आदल्या दिवशी बाजारासाठी ती बाहेर काढली. पाऊण तास किका मारून पाय भरून आले, पण इंजिन एकदाही फुरफुरले नाही. ओळखीचा मेकॅनिक येऊन पाहून गेला. "बोअर गेलाय, मास्तर. इंजिन खोलावं लागेल," एवढे सांगून त्याने सणानंतरची तारीख आणि काही हजारांचा आकडा दिला. नववीतला पुतण्या मात्र हटून बसला, "काका, तुम्ही विज्ञान शिकवता ना? मग खोलण्याआधी शोधा की!"

कोणतेही पेट्रोल इंजिन सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात: हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, त्या मिश्रणावर पुरेसा दाब आणि नेमक्या वेळी ठिणगी. तिन्ही हजर असूनही इंजिन सुरू होत नाही असे सहसा घडत नाही. म्हणजे तीनपैकी एकीने दांडी मारलेली असते आणि ती कोणती, एवढेच शोधायचे असते.

टू-स्ट्रोक इंजिनाची रचना येथे आठवली पाहिजे. १८८१ मध्ये डुगाल्ड क्लार्क यांनी अशा इंजिनाचे पेटंट घेतले, पण मिश्रण आत ढकलायला त्यांना वेगळा पंप लागत असे. पुढे दहा-एक वर्षांनी जोसेफ डे यांनी क्रँककेसलाच पंप बनवले. दट्ट्या वर जाताना त्याच्या डोक्यावरचे मिश्रण दाबले जाते आणि त्याच वेळी त्याच्याखाली, क्रँककेसमध्ये, नवे मिश्रण शोषले जाते. दट्ट्या खाली येताना जळालेला वायू बाहेर पडतो आणि खालचे मिश्रण बाजूच्या वाटेने वर ढकलले जाते. झडपांचा पसारा नाही, दर फेऱ्याला एक स्फोट. पण क्रँककेस अशी गुंतलेली असल्यामुळे फोर-स्ट्रोक इंजिनाप्रमाणे तिच्यात तेल भरून ठेवता येत नाही. वंगण पेट्रोलबरोबरच आत यावे लागते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रथम दाब पाहिला, कारण मेकॅनिकचा संशय तेथेच होता. प्लग काढून त्या भोकावर अंगठा घट्ट धरला आणि पुतण्याला किक मारायला सांगितली. अंगठा फटकन उडाला. बोअर पार झिजले असते तर हवा कडेने निसटली असती आणि अंगठ्याला इतका जोर जाणवला नसता. ही चाचणी ढोबळ आहे हे मान्य, पण इंजिन खोलण्याचा विचार बाजूला ठेवायला तेवढी पुरे होती.

काढलेला प्लग ओला होता. कोरडा असता तर पेट्रोल पोहोचत नाही असे समजून कॉक, नळी आणि जेट तपासले असते. ओल्या प्लगचा नेहमीचा अर्थ असा की पेट्रोल येते आहे, पण पेटत नाही. म्हणजे ठिणगीकडे वळायचे. प्लग पुसला, टोपणात बसवला, त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या पाकळ्यांना टेकवले आणि किक मारली. (भोकातून पेट्रोलची वाफ फवारते, म्हणून प्लग तेथून दूर धरावा आणि भोकावर फडके टाकावे.) पिवळट, मरतुकडी ठिणगी दिसली.

पुतण्या म्हणाला, "आहे की ठिणगी!" येथेच पुष्कळ जण फसतात. सामान्य दाबाच्या हवेत एक मिलिमीटर अंतर ओलांडायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, म्हणून प्लगच्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या फटीला बाहेर दोन-तीन हजार पुरतात. सिलिंडरमध्ये मात्र तेच मिश्रण कित्येक पट दाबलेले असते. रेणू दाटीने असल्यामुळे इलेक्ट्रॉनला वेग घ्यायला मोकळी वाट मिळत नाही आणि लागणारा विद्युतदाब दहा हजारांच्या पुढे जातो. उघड्यावर कशीबशी पडणारी ठिणगी आत गेल्यावर पडतेच असे नाही. म्हणूनच जुने मेकॅनिक प्लगवर भिस्त न ठेवता कॉइलची वायर इन्सुलेशन असलेल्या पकडीने इंजिनापासून पाच-सहा मिलिमीटर दूर धरतात. ठिणगी तेवढे अंतर निळी, कडकडत ओलांडत असेल तरच तिच्यावर विश्वास ठेवायचा.

ती कमजोर का झाली? बॅटरी चांगली होती. या गाडीत कॉइलच्या पहिल्या गुंडाळीतला प्रवाह पॉइंट उघडून एकदम तोडतात. चुंबकीय क्षेत्र जितक्या झटक्याने कोसळेल तितका दुसऱ्या गुंडाळीत दाब जास्त, हा दहावी-बारावीत शिकवला जाणारा फॅरेडेचा नियम. पॉइंटवर हिरवट-काळपट थर चढला होता, त्यामुळे मुळात प्रवाहच कमी जात होता. दुसरे कारण खास किनाऱ्यावरचे. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी शोषून विरघळते. पावसाळ्यात भाट्ये येथे आर्द्रता बहुतेक वेळ याहून जास्तच असते. वाऱ्याबरोबर आलेले खारे कण प्लगच्या चिनी मातीवर आणि टोपणावर बसतात, ओलावा धरतात आणि विजेला पळवाट मिळते. तीच गाडी घाटावर ठेवली असती तर हा त्रास फारसा झाला नसता. बारीक पॉलिशपेपरने पॉइंट घासले, टोपण व वायर गोड्या पाण्याने भिजवलेल्या फडक्याने पुसून उन्हात वाळवली. आता ठिणगी निळी, टणटणीत पडू लागली.

गाडी तरीही सुरू झाली नाही! प्लग पुन्हा ओलाच.

खरे सांगायचे तर या वेळी मीही खचलो. मग पुतण्याने प्लग नाकाशी नेला आणि म्हणाला, "काका, याला पेट्रोलचा वास कमीच आहे. दवाखान्यात इंजेक्शनआधी लावतात ना, तसला येतो." आपला 'ओला म्हणजे पेट्रोल' हा आडाखा मुळातच तपासलेला नव्हता. कार्बुरेटरचा वाडगा काचेच्या बरणीत रिकामा केला. थोड्या वेळात बरणीत दोन थर दिसू लागले: वर तेलामुळे हिरवट दिसणारे पेट्रोल, खाली जवळजवळ रंगहीन द्रव.

आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पेट्रोलमध्येही मिसळते आणि पाण्यातही. थोडे पाणी आत शिरले तर ते त्याला सामावून घेते, पण मर्यादा ओलांडली की पाण्याशी सलगी करून पेट्रोलमधून बाहेर पडते आणि दोघे मिळून तळाशी बसतात. कॉक आणि कार्बुरेटर यांना पहिल्यांदा मिळतो तो हाच थर. तो प्लग भिजवतो, पण पेट घेत नाही. टाकीच्या झाकणाचा रबरी वायसर चिरलेला होता आणि पडवीत पावसाची झड येते. पाणी कोठून आले हे वेगळे शोधावे लागले नाही.

आता ती वंगणाची गोष्ट. या गाडीत तेल पेट्रोलमध्येच मिसळून घालतात आणि ते पेट्रोलच्या थरातच राहते. खालच्या थरात ते जवळजवळ नसते. त्या थरावर इंजिन चुकून कण्हत-कुंथत चालले असते तर दट्ट्या कोरडा घासून खरोखरच बोअर गेले असते. गाडी सुरू झाली नाही हे एका अर्थी बरेच झाले.

हे थर वर्गात दाखवता येतात. प्रयोग शिक्षकांनीच करावा, उघड्या अंगणात, जवळपास कोणतीही ज्योत नसताना. शंभर मिलिलिटरच्या मोजपात्रात १० मिलिलिटर पाणी घ्या, वर ९० मिलिलिटर पेट्रोल घाला, तोंड बंद करून हलवा आणि दहा मिनिटे थांबा. इथेनॉल नसेल तर खालचा थर दहाच राहील. २० टक्के असेल तर पेट्रोलातले १८ मिलिलिटर इथेनॉल बहुतांशी खाली येऊन थर अठ्ठावीसच्या आसपास, किंचित कमीच, भरेल. कमी का, हे विद्यार्थ्यांना विचारा. पाणी आणि इथेनॉल मिसळताना एकूण आकारमान घटते, हे त्यांच्यापैकी कोणाला सुचते का पाहा.

आम्ही टाकी पूर्ण रिकामी केली, ताज्या पेट्रोलने विसळली, कार्बुरेटर धुतला, प्लग वाळवला. नव्या पेट्रोलमध्ये गाडीच्या पुस्तिकेतल्या प्रमाणात तेल घातले. चौथ्या किकेला निळ्या धुराचा लोट सोडत गाडी सुरू झाली. नवा वायसर मात्र भाट्ये येथे मिळाला नाही. त्यासाठी पुलापलीकडे रत्नागिरीतच जावे लागले, याच गाडीवर, झाकणाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून.