डीव्हीडीवर आवाज मागे का पडतो?

सातारा-सांगलीकडे लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट अजून कितीतरी घरांत कपाटात जपून ठेवलेल्या असतात. स्टुडिओत देऊन त्यांची डीव्हीडी करून आणावी, घरी लावावी, तर भटजींचे ओठ मिटलेले आणि मंगलाष्टक चालूच! ‘डिस्क खराब निघाली’ किंवा ‘घाईत बर्न केली’ असं म्हणून मंडळी नवी डिस्क मागतात. खराब डिस्क अडखळते, चित्राचे चौकोन पाडते. पण आवाज आणि चित्र फाइलमध्ये एकत्र गुंफलेले असतात. 16एक्स वेगाने बर्न करा की 4एक्स, त्यांच्यातलं अंतर तेच राहतं. दोष त्याआधीच शिरलेला असतो.

‘आवाज जरा पुढेमागे सरकवला की झालं’ हा समज जास्त नुकसान करतो. कारण अंतर दोन जातींचं असतं. कुठलं आहे ते हलगीवरून कळतं. काठी कातड्यावर पडते तो क्षण अक्षतांच्या वेळी बघा आणि मग थेट वरातीत बघा. दोन्हीकडे तफावत सारखीच असेल तर आवाज सरकवून काम भागतं. नाटकाच्या चित्रणात हे नेहमी आढळतं. कॅमेरा रंगमंचापासून 25 मीटरवर ठेवून त्याच्याच माइकवर आवाज घेतला, तर तो सुमारे 70 मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे जवळजवळ दोन फ्रेम. इथे मशीनचा काही दोष नाही.

अक्षतांना जुळतं आणि वरातीत तीन सेकंद चुकतं, तर मात्र सरकवून उपयोग नाही. एक टोक जुळेल, दुसरं सुटेल. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. जुनी टेप संगणकात घेताना 25 फ्रेम गळाल्या आणि आवाज मात्र अखंड आला, की एक सेकंदाची तफावत पडली. फ्रेम गळतात तिथे तफावत एकदम उडी मारते; तिथेच तुकडा कापून जुळवावा लागतो. टेपचा सिग्नल स्थिर करणारं टाइम बेस करेक्टर हे यंत्र लावून कॅसेट पुन्हा उतरवून घेतली तर उत्तमच. अंतर सावकाश, एकसारखं वाढत असेल तर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये पट्टी न बदलता आवाजाची लय ताणता किंवा आवळता येते.

‘मोबाइलचं चित्रण नवं, त्यात ही भानगड नाही’ हेही खरं नव्हे. बरेच मोबाइल उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग कमीजास्त करतात. डीव्हीडीला तो ठरीव लागतो. आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये 25 फ्रेमचा स्थिर वेग निवडून फाइल करा, मग डीव्हीडीचं सॉफ्टवेअर उघडा.

44,100 हर्ट्झ सॅम्पल-दराच्या आवाजालाही उगाच दोष देतात. डीव्हीडीला 48,000 लागतो आणि नीट रूपांतर केलं तर लांबी बदलत नाही.

दुरुस्तीला हात घालण्याआधी डिस्क दुसऱ्या टीव्हीवर लावून बघा. नव्या एलईडी टीव्हीला चित्रावर प्रक्रिया करायला वेळ लागतो, आणि आवाज वेगळ्या स्पीकरवर घेतला असेल तर तो आधी ऐकू येतो. आवाज 45 मिलिसेकंद जरी आधी आला तरी लक्षात येतो. उशिरा आलेला साधारण 125पर्यंत खपून जातो.

स्टुडिओतून डिस्क घेताना शेवटची पाच मिनिटं तिथेच लावायला सांगा. आणि मूळ कॅसेट परत मागून घ्या; पुन्हा उतरवायची वेळ आली तर तीच लागेल.