गाल्टन, मेटॅलिका आणि १०८ ऋतू

मेटॅलिका या बँडचा नवा अल्बम आला की आमच्या कॉलेजच्या जुन्या कंपूत एक ठरलेलं नाटक होतं. पहिल्या दिवशी जल्लोष. दुसऱ्या दिवशी सगळे गप्प. तिसऱ्या दिवशी कुणीतरी धीर करून लिहितो, ‘ठीक आहे रे, पण मास्टर ऑफ पपेट्सची मजा नाही.’ २००८ला हे ईमेलवर झालं, २०१६ला व्हॉट्सॲपवर, आणि एप्रिल २०२३मध्ये ‘सेव्हंटीटू सीझन्स’ आला तेव्हा पुन्हा तेच. त्यातल्याच एकानं मग मला कोड्यात टाकलं : ‘तू विज्ञानावर लिहितोस ना? मग सांग, बँड म्हातारा झाला की आपण?’

गंमत म्हणजे या अल्बमचं नावच त्या प्रश्नाभोवती फिरतं. बँडचा गायक जेम्स हेटफिल्ड यानं नावाचा खुलासा केला होता : आयुष्याची पहिली १८ वर्षं, वर्षाचे चार ऋतू, म्हणून ७२. माणूस घडतो (किंवा बिघडतो) तो त्या काळात. आपल्याकडे ऋतू सहा. हेटफिल्ड साताऱ्यात जन्मला असता तर अल्बमचं नाव ‘१०८ ऋतू’ झालं असतं आणि कित्येक आज्यांनी तो जपासाठी घरी आणला असता.

या १०८ ऋतूंचा मागोवा पहिल्यांदा घेतला तो फ्रान्सिस गाल्टननं. डार्विनचा हा सावत्र आतेभाऊ म्हणजे मोजमापाचं वेड लागलेला माणूस. दिसेल ते मोजायचा. १८७९ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, त्यानं स्वतःची स्मृतीच मोजायला घेतली. ७५ शब्दांची यादी केली, एकेक शब्द समोर धरायचा आणि मनात काय उमटतं ते टिपायचं. महिनाभराच्या अंतरानं असं चार वेळा. ६६० सेकंदांत ५०५ कल्पना हाती लागल्या, आणि हे काम अतिशय नकोसं आणि कष्टाचं होतं अशी कबुलीही त्यानं प्रामाणिकपणे दिली. ज्या कल्पनांचा काळ सांगता आला, त्यांतल्या ३९ टक्के बालपणाच्या आणि कोवळ्या तारुण्याच्या होत्या. अलीकडच्या फक्त १५ टक्के.

शंभर वर्षांनी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रुबिन आणि इतरांनी हेच तंत्र वापरून पाहिलं. पन्नाशी-साठीच्या माणसांच्या आठवणी वयानुसार आलेखावर मांडल्या की साधारण दहा ते तीस या वयांच्या पट्ट्यात एक उंचवटा दिसतो. संगीताच्या आवडीतही तो सापडला. हॉलब्रुक आणि शिंडलर या संशोधकांनी १९८९ साली १०८ जणांना (पुन्हा १०८!) १९३२ ते १९८६ या काळातली २८ गाणी ऐकवली. माणसाला सर्वांत आवडलेली गाणी सरासरीनं तो साडेतेवीस वर्षांचा असतानाची निघाली.

इथं बहुतेक लेख थांबतात. फार तर शेवटी डोपामिन शिंपडतात. आवडतं संगीत ऐकताना मेंदूत डोपामिन स्रवतं हे मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं, आणि ते काम सुंदरच आहे. पण ज्यांच्या मेंदूत ते मोजलं ते लोक होते आठ. आणि डोपामिननं प्रश्न सुटत नाही, फक्त त्याचं नाव बदलतं. जुन्याला ते स्रवतं आणि नव्याला का नाही, हाच तर मुद्दा आहे.

मुळात ‘आपण म्हातारे झालो’ हे उत्तर मला पटेनासं झालं ते २०२२ साली. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेत एक पोरगा गिटारवर ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हे त्याच अल्बमचं शीर्षकगीत वाजवतो. तेवढ्यानं ते गाणं, प्रसिद्ध झाल्यानंतर ३६ वर्षांनी, पहिल्यांदा अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट हंड्रेड यादीत शिरलं. ते ऐकणाऱ्या कितीतरी पोरांचे आईबाप १९८६ साली शाळेत होते. या पोरांना कसलं आलंय स्मरणरंजन? तरी त्यांनी उचललं ते १९८६चंच गाणं.

यावर मानसशास्त्रज्ञांकडे अर्धं उत्तर आहे. कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ साली कॉलेजातल्या ६२ मुलांना १९५५पासूनची लोकप्रिय गाणी ऐकवली, तेव्हा एक उंचवटा मुलांच्या स्वतःच्या काळात नव्हे, तर त्यांचे आईवडील तरुण असतानाच्या काळात दिसला. घरात जे वाजतं ते अंगवळणी पडतं. पण मालिका बघून आलेल्या सगळ्यांच्या घरी मेटॅलिका वाजत असेल असं मानायला मी तयार नाही.

मग? उत्तर गाल्टनकडेच आहे, त्याच्या दुसऱ्या शोधात, आणि या विषयावर लिहिताना तो हमखास विसरला जातो. (याच गृहस्थानं १८८३ साली ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला आणि पुढे त्या नावाखाली जगात काय काय झालं ते ठाऊक आहे. त्याला माफी नाही. पण त्याचं गणित बरोबर होतं.)

१८८६ साली त्यानं २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ मोठी झालेली मुलं यांच्या उंचीची नोंद मांडली. उंच आईबापांची मुलं उंच होती, पण आईबाप सरासरीहून जितके उंच, तितकी नाहीत. साधारण दोन तृतीयांश. बुटक्यांची मुलं बुटकी, पण तितकी बुटकी नाहीत. जणू कुणी सगळ्यांना सरासरीकडे ओढतंय. खरी मेख पुढे आहे. गाल्टननं आकडे उलटीकडून पाहिले : उंच मुलांचे आईबाप कसे? तेही मुलांपेक्षा सरासरीच्या जवळच. म्हणजे ओढणारं कुणी नाही. टोकाचं काहीही निवडा, त्याच्या पुढचं आणि मागचं दोन्ही त्याहून मध्यम निघतं, कारण टोक गाठायला गुणांसोबत योगही जुळून यावा लागतो, आणि योग वारशात मिळत नाही.

आता आपण मेटॅलिकाचे भक्त झालो कसे ते आठवा. चिठ्ठ्या टाकून बँड निवडला नव्हता. होस्टेलवरच्या कुणीतरी टीडीकेच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवलेली, पेन्सिलीनं फिरवून फिरवून झिजलेली ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हातात ठेवली आणि म्हणाला, ऐक. त्यानं बँडचं पाचव्या नंबरचं काम दिलं नाही, पहिल्या नंबरचं दिलं. तो अल्बम म्हणजे सगळे योग जुळून आलेला : १९८५च्या शरदात कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत सुरू झालेलं ध्वनिमुद्रण, सोबतीला निर्माता फ्लेमिंग रासमुसेन, पुरता तापलेला बँड, आणि बासवर क्लिफ बर्टन, जो अल्बम आल्यावर सुमारे सात महिन्यांनी, २७ सप्टेंबर १९८६ला, स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, अवघ्या चोविसाव्या वर्षी. उंच बापाच्या पोटी आणखी उंच मुलगा होऊ शकतो. पण पैज लावायची असेल तर त्यावर लावू नका. बँड उतरला नाही, आपणच त्याला शिखरावर भेटलो, आणि मालिका बघणारी ती पोरंही.

बाकीची कारणं या पायावर उभी राहतात. त्यातलं एक मात्र मला फार आवडतं. रॉबर्ट झायोन्स हा पोलंडमध्ये जन्मलेला मानसशास्त्रज्ञ. मिशिगनच्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रांत त्याच्या प्रयोगासाठी पहिल्या पानावर काही आठवडे एका चौकटीत तुर्की वाटणारे शब्द छापले गेले. कसली जाहिरात, काही खुलासा नाही. काही शब्द एकदाच आले, काही पंचवीस वेळा. नंतर विद्यार्थ्यांना विचारलं, यातल्या कशाचा अर्थ चांगला असेल? जे जास्त वेळा दिसले होते, तेच चांगले वाटले. नुसता सराव झाला म्हणून! आमच्यापाशी त्या काळी कॅसेटी दहा-बारा. प्रत्येक शेकडो वेळा वाजली. ‘सेव्हंटीटू सीझन्स’ ७७ मिनिटांचा आहे, आणि आमच्या कंपूनं तो लोकलमध्ये, निम्मा, एकदा ऐकून निकाल दिला.

कधी दोष सरळ वस्तूतही असतो, हेही सांगायला हवं. २००८चा ‘डेथ मॅग्नेटिक’ सीडीवर इतका मोठ्या आवाजात दाबून भरला होता की ध्वनिलहरींची टोकंच छाटली गेली. तीच गाणी ‘गिटार हिरो’ या खेळात स्वच्छ ऐकू येत होती. चाहत्यांनी दोन्हींचे आलेख शेजारी ठेवले आणि हजारोंनी नवं मिक्सिंग मागणाऱ्या अर्जावर सह्या केल्या. त्यांच्या कानांना वय झालं नव्हतं.

तर मित्राला माझं उत्तर : थोडे आपण म्हातारे झालो, थोडं कमी ऐकलं, आणि बरंचसं गणित. ते पडताळता येईल. वय हेच कारण असेल, तर चाळिशीत एखादा बँड पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्याचे सगळे अल्बम सारखेच वाटायला हवेत. गणित असेल, तर ज्या अल्बमनं त्याला ओढलं त्याच्या आधीचे आणि नंतरचे, दोन्ही फिके वाटतील. तुमच्यापैकी कुणी चाळिशीनंतर एखाद्या बँडच्या प्रेमात पडलं असेल, तर बँड, पहिला ऐकलेला अल्बम, तेव्हाचं वय आणि आजचा आवडता अल्बम एवढं एका ओळीत कळवा. तिशीच्या आतल्या आठवणी नकोत; त्या आमच्या कंपूत रग्गड आहेत.