नांदेड-लातूरहून हिमालयात ट्रेकला जायचंय? आधी महिना ठरवा, मग ट्रेक!

मे महिना. नांदेडमध्ये पारा ४२ अंशांवर. लातूरमध्ये 'नीट'ची परीक्षा नुकतीच आटोपलेली. दोन वर्षं क्लास आणि हॉस्टेल एवढंच जग पाहिलेली पोरं मोकळी झालेली असतात. अशात कुणीतरी ग्रुपवर बर्फाळ डोंगराचं रील टाकतं आणि खाली लिहितं, "चला रे, जाऊ या!"

पुढच्या अर्ध्या तासात ट्रेक ठरतो, बजेट ठरतं, कोण कोण येणार तेही ठरतं. फक्त एक प्रश्न कुणी विचारत नाही. त्या रीलमधला डोंगर नेमक्या कोणत्या महिन्यातला आहे?

आपल्याकडे बहुतेक लोक सुट्टी बघून ट्रेक निवडतात. खरं तर सुट्टी कधी आहे ते बघून, त्या महिन्यात कोणता ट्रेक सुरक्षित आहे, हे शोधायला हवं. दोन्ही वाक्यं सारखीच वाटतात, पण डोंगरात त्यांच्यातला फरक जिवावर बेततो.

मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं का सांगावं लागतं?

नांदेड समुद्रसपाटीपासून साधारण ३६० मीटर उंचीवर आहे, लातूर सव्वासहाशे मीटरच्या आसपास. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटर. विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. म्हणजे अख्खा महाराष्ट्र पालथा घातला तरी तो त्रास काय असतो, हे कळणार नाही.

माहूरचा गड चढून पाय तयार होतात, दम वाढतो. हा सराव करायलाच हवा. पण कमी ऑक्सिजनची सवय त्यातून होत नाही.

दुसरी गोष्ट तापमानाची. उंची १,००० मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे ४,००० मीटर वर गेलात तर फक्त उंचीमुळेच २६ अंशांचा फरक पडतो. त्यात वारा आणि ओले कपडे आले की थंडी आणखी लागते. मे महिन्यात कूलरसमोर बसून बॅग भरणारा माणूस हमखास एक गरम कपडा कमी घेतो, तो यामुळेच.

नांदेड आणि हेमकुंडचं नातं

नांदेडकरांसाठी एक ट्रेक खास जवळचा आहे, हेमकुंड साहिब. गुरू गोविंदसिंगजींचं महानिर्वाण १७०८ मध्ये नांदेडला झालं आणि तिथेच आज तख्त सचखंड श्री हजूर साहिब उभं आहे. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातलं हेमकुंड हे गुरूंच्या पूर्वजन्मीच्या तपश्चर्येचं स्थान मानलं जातं. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस दिल्लीवरून जाते. दिल्लीत उतरायचं, ऋषिकेश गाठायचं आणि तिथून जोशीमठमार्गे गोविंदघाट.

हेमकुंड सुमारे ४,३०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच असतो. म्हणजे एका श्वासात नेहमीपेक्षा बराच कमी ऑक्सिजन मिळतो.

हे ठिकाण वर्षभर खुलं नसतं. साधारण मे अखेरीस दरवाजे उघडतात आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास बंद होतात. या साडेचार महिन्यांतही तीन वेगवेगळे ऋतू असतात.

मे अखेर ते जूनचा पूर्वार्ध: वाटेवर बर्फ असतो, तळंही बऱ्याचदा गोठलेलं असतं. पावसाचा धोका कमी, पण घसरण्याचा जास्त.

जुलै-ऑगस्ट: शेजारची 'फुलों की घाटी' या दिवसांत बहरते. हे जागतिक वारसास्थळ १ जून ते ३१ ऑक्टोबर खुलं असतं, पण ज्या फुलांचे फोटो आपण बघतो ती जुलै-ऑगस्टचीच. गंमत अशी की रस्त्यावर दरडी कोसळण्याचा काळही हाच. फुलं हवी असतील तर हातात जादा दिवस ठेवूनच जावं.

सप्टेंबरचा उत्तरार्ध ते बंद होईपर्यंत: पाऊस ओसरलेला, आकाश स्वच्छ, गर्दी कमी. फुलं मात्र संपत आलेली.

मान्सून आधी कुठून जातो?

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मान्सून येताना दक्षिणेकडून येतो. आपल्याकडे तो जूनच्या मध्यावर येतो आणि उत्तराखंडात साधारण जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोचतो. जाताना मात्र उलटं होतं. परतीचा प्रवास राजस्थानातून सुरू होतो. त्यामुळे पश्चिम हिमालयातून तो साधारण सप्टेंबर अखेरीस निघतो आणि मराठवाड्यातून त्यानंतर, ऑक्टोबरमध्ये.

म्हणजे नांदेडमध्ये गोदावरी दुथडी भरून वाहत असताना हिमालयात लख्ख ऊन पडलेलं असू शकतं. २०२५ च्या सप्टेंबर अखेरीस मराठवाड्यात अतिवृष्टीने नद्यांना पूर आले होते, हे सगळ्यांना आठवत असेल. घराबाहेर पाऊस आहे म्हणून डोंगरातही पाऊसच असेल, हा अंदाज चुकतो. बघायचं ते तिथलं हवामान.

पावसाळ्यात जायचंच असेल तर?

पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय, हे मराठवाड्याला शिकवायची गरज नाही. सह्याद्री ढग अडवतो, कोकणात धो धो पाऊस पडतो आणि आपल्या वाट्याला उरलेला येतो. हिमालयातही हेच घडतं. मुख्य रांगा मान्सूनचे ढग अडवतात आणि पलीकडचे लडाख, स्पिती कोरडे राहतात. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये ट्रेक करायचा तर हे भाग चांगले. हिमाचलमधला हम्प्ता पास हा हिरव्या कुल्लूकडून कोरड्या लाहौलकडे उतरणारा ट्रेकही याच काळात केला जातो.

पण कोरडा प्रदेश म्हणजे हमखास सुरक्षित प्रदेश, असंही नाही. ऑगस्ट २०१० मध्ये लेहमध्ये ढगफुटी होऊन मोठी जीवितहानी झाली होती. शिवाय लेह शहरच ३,५०० मीटरवर आहे. विमानाने थेट उतरलात तर पहिले दोन दिवस विश्रांतीचेच धरा.

उत्तराखंडात जून अखेर ते सप्टेंबरचा मध्य हा सगळ्यात बेभरवशाचा काळ. २०१३ ची केदारनाथची आपत्ती १६-१७ जूनची होती. ५ ऑगस्ट २०२५ ला उत्तरकाशीतल्या धराली गावात पाण्याचा आणि चिखलाचा लोंढा आला, तोही याच काळात.

मग मे-जून आणि ऑक्टोबर तरी सुरक्षित का?

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. 'सीझन' म्हणजे हमी नव्हे.

जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात उत्तरकाशीच्या सहस्रताल ट्रेकवर कर्नाटकातून गेलेला एक गट खराब हवामानात अडकला. ९ जणांचा मृत्यू झाला. महिना ट्रेकिंगचाच होता, मान्सूनही यायचा होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये 'हुदहुद' चक्रीवादळ विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर धडकलं आणि दोनच दिवसांत त्याचे अवशेष नेपाळमध्ये पोचले. अन्नपूर्णा परिसरात हिमवादळ आणि हिमकडे कोसळून ४० हून अधिक जण दगावले. तोही ऐन हंगाम होता.

योग्य महिना निवडला की धोका कमी होतो, संपत नाही. उरलेला धोका टाळायचा तो रोजचा हवामान अंदाज बघून आणि वेळेवर मागे फिरून.

दिवाळीच्या सुट्टीत गेलं तर?

नोकरदार आणि शिक्षकांसाठी दिवाळी हीच मोठी सुट्टी. पण दिवाळीची तारीख दरवर्षी सरकते. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. कॅलेंडरवर हा अडीच आठवड्यांचा फरक, पण ४,००० मीटरवर त्याचा अर्थ रात्रीचं तापमान शून्याखाली बरंच जाणं आणि उंचावरच्या खिंडी बंद होणं असा होऊ शकतो. दोन्ही वेळी हेमकुंड बंदच असतं.

दिवाळी नोव्हेंबरात असेल तर तुलनेने कमी उंचीचे ट्रेक बघावेत. पश्चिम बंगाल-नेपाळ सीमेवरचं संदकफू (३,६३६ मीटर) ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चांगलं. आकाश मोकळं असेल तर तिथून कांचनजंगा दिसतं.

शेतकरी कुटुंबांचा हिशोब आणखी वेगळा. जून अखेरीस पेरणी, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची काढणी. म्हणजे सगळ्यात चांगला महिना नेमका रानात जातो. अशांसाठी मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा, किंवा रब्बीची पेरणी उरकल्यावर डिसेंबरातला केदारकंठासारखा बर्फातला ट्रेक हे पर्याय उरतात.

थोडक्यात, कधी कुठे?

- डिसेंबर ते मार्च: केदारकंठा (सुमारे ३,८०० मीटर), ब्रह्मताल. बर्फ हमखास, थंडी कडक. पश्चिमी झंझावात आला की एका रात्रीत वाट बुजते.
- एप्रिल ते जूनचा मध्य: दयारा बुग्याल, हर की दून. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सोयीचा काळ. उंच खिंडींवर मात्र बर्फ असतो.
- जुलै-ऑगस्ट: लडाख, स्पिती, हम्प्ता पास. फुलांसाठी फुलों की घाटी, तीही जादा दिवस ठेवून.
- सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबर: पश्चिम हिमालयातले बहुतेक ट्रेक. नेपाळमध्ये एव्हरेस्ट बेस कॅम्प (५,३६४ मीटर) आणि अन्नपूर्णा बेस कॅम्पसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर.

महिना ठरला, आता हे विसरू नका

३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नको. दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. हेमकुंडला जायचं तर घांघरियात (सुमारे ३,०५० मीटर) मुक्काम करून पहिल्या दिवशी फुलों की घाटी आणि दुसऱ्या दिवशी हेमकुंड करा. शरीराला एक दिवस जास्त मिळतो.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, जेवण नकोसं होणं ही विरळ हवेची लक्षणं असू शकतात. अशा वेळी आणखी वर जायचं नाही. झोपूनही दम लागत असेल, चालताना तोल जात असेल किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल तर सकाळची वाट न बघता खाली उतरवायचं. बीपी, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. गोळ्याही त्यांच्याच सल्ल्याने.

परतीचं तिकीट काढताना दोन दिवस हातात ठेवा. मराठवाड्यातून हिमालय गाठायलाच दोन-तीन दिवस जातात. "इतक्या लांब आलोय, आता परत कसं जायचं?" हा विचार त्यातूनच येतो आणि माणूस खराब हवेतही पुढे जातो. हाताशी दोन दिवस असले की तंबूत थांबून राहणं सोपं जातं.

आणि ग्रुपवर पुढचं रील आलं, की "कधी निघायचं?" याच्या आधी विचारा, "हा व्हिडिओ कोणत्या महिन्यातला आहे?"