दोन बोटांची श्रद्धा

मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह चित्रशाळेत वासिली सूरिकोव्ह या चित्रकाराचे 1887 साली पूर्ण झालेले एक विस्तीर्ण चित्र आहे. बर्फाने भरलेल्या रस्त्यातून एक घसरगाडी चालली आहे. गाडीत पेंढ्यावर काळ्या वस्त्रांतली, साखळदंडांनी जखडलेली एक खानदानी स्त्री बसली आहे, आणि तिने उजवा हात उंच उभारून तर्जनी व मध्यमा ही दोन बोटे जमावाला दाखवली आहेत. जमावात कोणी हसतो आहे, कोणी खिन्न होऊन मान खाली घालतो आहे. मात्र उजव्या कोपऱ्यात बर्फावर अनवाणी बसलेला, गळ्यात लोखंडी साखळ्या घातलेला एक भणंग साधू तीच दोन बोटे उभारून तिला निरोप देतो आहे. ही स्त्री म्हणजे फेओदोसिया मोरोझोवा. झारच्या दरबारातील अत्यंत धनाढ्य घराण्याची ही विधवा 1671 मध्ये कैद झाली आणि 1675 मध्ये बोरोव्स्क येथे जमिनीखालच्या कोठडीत अन्नावाचून मेली. तिचा अपराध तिच्या त्या दोन बोटांत सामावलेला होता.

रशियन चर्चमधून फुटून निघालेल्या, किंवा खरे बोलायचे तर फोडून काढलेल्या, ज्या पंथाला 'जुन्या श्रद्धेचे लोक' म्हणतात, त्याचा हा परिचय आहे. सरकारदरबारी त्यांना 'रस्कोलनिक', म्हणजे फुटीर, असे नाव होते. दोस्तोयेव्हस्कीने आपल्या सर्वांत प्रसिद्ध नायकाचे आडनाव याच शब्दावरून घडवले. जगात पाखंडी ठरतो तो बहुधा काहीतरी नवे बोलणारा माणूस. येथे मात्र पाखंडाचा शिक्का त्यांच्यावर बसला, ज्यांनी काहीही नवे म्हटले नव्हते आणि जे आपल्या जागेवरून तसूभरही हलले नव्हते.

1652 साली निकोन हा शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला, तेजस्वी पण उतावळा पुरुष मॉस्कोचा पॅट्रिआर्क, म्हणजे रशियन चर्चचा सर्वोच्च धर्माधिकारी झाला. रशियन पोथ्या आणि विधी ग्रीकांच्या तत्कालीन पोथ्यांशी व विधींशी जुळत नाहीत, हे त्याला सलत होते. आणि झार अलेक्सी मिखाइलोविच यालाही सर्व पूर्वेकडील ख्रिस्ती जगाचा त्राता होण्याची आकांक्षा होती. 1653 मध्ये निकोनचे फर्मान सुटले, की यापुढे क्रूसाची खूण दोन बोटांनी न करता तीन बोटांनी करावी. मागोमाग बाकीचे फेरबदल आले: ख्रिस्ताचे नाव 'इसुस' न लिहिता 'इइसुस' लिहावे, 'आलेलुया' दोनदा न म्हणता तीनदा म्हणावे, मिरवणूक सूर्याच्या गतीने न काढता उलट दिशेने काढावी. श्रद्धासूत्रातून एक अक्षर गळले, आणि त्या एका अक्षरासाठी मरण पत्करू म्हणणारी माणसे निघाली.

ग्रंथशुद्धी आपल्याला अपरिचित नाही. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि महाराष्ट्राने ती मस्तकी धरली, कारण त्या शुद्धीमागे मूळ पाठाचा ध्यास होता आणि शुद्ध करणाऱ्याच्या हाती दंड नव्हता. निकोनच्या शुद्धीमागे झारचे सैन्य उभे होते. शिवाय जे अशुद्ध म्हणून टाकले गेले, ते 1551 च्या मॉस्को धर्मपरिषदेने स्वतःच विधिपूर्वक बंधनकारक ठरवलेले होते. दोन बोटे ख्रिस्ताच्या दैवी व मानवी अशा दोन प्रकृतींची, आणि उरलेली जुळवलेली तीन बोटे त्रैक्याची, असा त्या खुणेचा अर्थ आईच्या मांडीवर शिकलेल्या माणसाला उद्यापासून ती खूण शापित आहे असे सांगणे म्हणजे त्याचे मेलेले सारे पूर्वज नरकात गेले असे सांगणेच होते. पुढे 19 व्या शतकाच्या अखेरीस अधिकृत चर्चच्याच विद्यापीठातील प्राध्यापक निकोलाय काप्तेरेव्ह यांनी दाखवून दिले, की रशियाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा ग्रीकांकडून दोन बोटांचीच रीत घेतली होती. बदलले होते ते ग्रीक.

1666-67 च्या मॉस्को महापरिषदेने एक विलक्षण निवाडा दिला. झारशी बिनसलेल्या निकोनला तिने पदच्युत केले, त्याच्या सुधारणा कायम केल्या, आणि त्या न मानणारांवर बहिष्काराचा शाप उच्चारला. व्हाइट समुद्रातील सोलोवेत्स्की मठाने नव्या पोथ्या नाकारल्या, तेव्हा 1668 पासून 1676 पर्यंत त्याला सैन्याचा वेढा पडला. जुन्या श्रद्धेच्या या साऱ्या बंडाचा वाचस्पती पुरोहित अव्वाकूम आर्क्टिकजवळच्या पुस्तोझेर्स्क येथे मातीच्या खड्ड्यात सुमारे 14 वर्षे कोंडला गेला आणि 14 एप्रिल 1682 रोजी तीन सोबत्यांसह जाळला गेला. त्या खड्ड्यात बसून त्याने आपले चरित्र लिहिले, तेही चर्चच्या जड भाषेत न लिहिता बाजारात आणि चुलीपाशी बोलल्या जाणाऱ्या रशियनमध्ये. सैबेरियाच्या हद्दपारीत मुलांना रोज दोन अंडी देणारी एक काळी कोंबडी घसरगाडीत चेंगरून मेली, तिची हळहळ हा कठोर माणूस त्यात विसरत नाही. मला हे चरित्र फार मोठे वाटते ते अशाच जागांमुळे.

सामूहिक आत्मदहनाची गोष्ट मात्र मी आदराने सांगू शकत नाही. फौजेची चाहूल लागताच लाकडी प्रार्थनागृहात कोंडून घेऊन हजारो माणसांनी, लेकराबाळांसह, स्वतःला जाळून घेतले. छळ भयंकर होता हे खरे. तरी लेकरांना विचारले कोणी?

जे जगले त्यांच्यापुढे वेगळाच पेच होता. बिशपवाचून पुरोहिताला दीक्षा मिळत नाही, आणि उघडपणे त्यांच्या बाजूने उभा राहिलेला एकमेव बिशप, कोलोम्नाचा पावेल, बंदिवासात मरण पावला होता. जुने पुरोहित म्हातारे होऊन मरत चालले. काहींनी सरकारी चर्चमधून पळून आलेले पुरोहित स्वीकारले. बाकीचे म्हणाले, की पुरोहितपद आता पृथ्वीवर उरलेच नाही. बाप्तिस्मा आणि पापनिवेदन तेवढे गृहस्थानेच चालवावे. या पुरोहितरहित शाखेने 1694 मध्ये कारेलियाच्या अरण्यात, व्यग नदीच्या काठी, शेती, लेखनशाळा आणि पितळी मूर्तिपटांची ओतशाळा असलेली एक वस्ती उभारली.

या वस्तीचे बुद्धिवैभव दाखवणारा एक प्रसंग आहे. सरकारी धर्ममंडळाने 106 प्रश्न घेऊन आपला प्रतिनिधी व्यगला पाठवला. दोन बोटांचा निषेध 12 व्या शतकातच झाला होता असे सांगणारे एक हस्तलिखित चर्चने पुढे केलेले होते. आंद्रेई देनिसोव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या पोथीची अक्षरवळणे, खरवडून पुन्हा लिहिलेले चर्मपत्र आणि नव्याने घातलेली शिवण यांची बारकाईने छाननी केली आणि 1723 च्या आपल्या उत्तरांत ती बनावट असल्याचे सिद्ध केले. रशियातील हस्तलिखित-परीक्षेच्या शास्त्राचा आरंभ याच उत्तरांपासून मानला जातो. ज्यांना अडाणी म्हणून हिणवले, त्यांनी हे केले.

पीटर झारने 1705 मध्ये दाढीवर कर बसवला. कर भरणाराला मिळणाऱ्या तांब्याच्या बिल्ल्यावर नाक, मिशी आणि दाढी कोरलेली असे व वर 'पैसे घेतले' अशी अक्षरे. 1716 पासून पंथीयांनी नाव रुजू करून दुप्पट कर भरावा असा हुकूम झाला. हे सारे सोसून त्यांच्यातून मोरोझोव्ह, र्याबुशिन्स्की अशी थोर उद्योजक घराणी निघाली. पुरोहित मानणाऱ्या शाखेला अखेर 1846 मध्ये, ऑस्ट्रियाच्या हद्दीतील बेलाया क्रिनित्सा येथे, आंब्रोस हा बिशप लाभला. मॉस्कोतील रोगोझ्स्कोये येथील त्यांच्या वेद्यांना सरकारने 1856 मध्ये लाखेची मोहोर ठोकली. ती 1905 मध्ये निघाली.

त्यांच्या भक्तीची उपकरणे साधी आहेत: गाठींनी पायऱ्या पाडलेली चामड्याची जपमाळ, आणि दंडवताच्या वेळी तळहात जमिनीला लागून मळू नयेत म्हणून अंथरायची गोधडीसारखी शिवलेली चौकोनी घडी. खूण करणारा हात स्वच्छ राहिला पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष.

1936 मध्ये कार्प लिकोव्ह हा या पंथाचा गृहस्थ बायको आणि दोन मुले घेऊन सैबेरियाच्या तैगा अरण्यात शिरला; आणखी दोन मुले तेथेच जन्मली. 1961 च्या अवकाळी हिमाने पीक गेले आणि आई उपासमारीने वारली. राय या धान्याचे एकच रोप उगवले. कुटुंबाने उंदरांपासून रात्रंदिवस त्याची राखण केली, त्याच्या कणसातून 18 दाणे निघाले, आणि त्या 18 दाण्यांवर पुढचे पीक उभे राहिले. 1978 मध्ये भूगर्भशास्त्रज्ञांची तुकडी तेथे पोहोचली, तेव्हा ही माणसे दोन बोटांनीच क्रूसाची खूण करत होती, आणि दुसरे महायुद्ध होऊन गेल्याचे त्यांना ठाऊक नव्हते.

मॉस्कोच्या धर्मपरिषदेने 1667 चा शाप मागे घेतला तो 1971 च्या जून महिन्यात. तो कधी उच्चारलाच गेला नव्हता असे समजावे, असा तिचा ठराव आहे. तो झाला त्या दिवशी लिकोव्ह कुटुंब अबाकान नदीच्या खोऱ्यात होते, आणि बाहेरच्या माणसाशी त्यांची गाठ पडायला अजून सात वर्षे होती.