लॉराचे आठ दिवस

आपल्याकडच्या सरकारी इस्पितळात आजारी मुलाच्या खाटेशी आई बसलेली असते, रात्री तिथेच जमिनीवर अंथरूण टाकते, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. १९५० च्या आसपासच्या इंग्लंडमध्ये मात्र मूल दाखल केले की आईबाप दारातूनच माघारी फिरत. बऱ्याच ठिकाणी आठवड्याला तास-दोन तास भेट, काही ठिकाणी तीही नाही. घटसर्पासारख्या साथींची जुनी धास्ती त्यामागे होती. शिवाय नर्सेस अनुभवाने सांगत, की आई भेटून गेली की मूल रडत बसते. तिला लांब ठेवले तर चार दिवसांत रुळते.

हे रुळणे जेम्स रॉबर्टसन यांना पटेना. युद्धकाळात मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांच्या हॅम्पस्टेडच्या बालगृहात ते बॉयलर सांभाळण्यापासून पडेल ते काम करत होते. घरापासून तुटलेली मुले त्यांनी तिथे रोज पाहिली. १९४८ पासून ते टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्याबरोबर काम करू लागले. वॉर्डात तासन् तास बसून त्यांनी ओळखले, की मूल आधी आकांत करते, मग खचते, आणि शेवटी आईवाचून काही अडत नसल्यासारखे वागू लागते. वॉर्डाला बरी वाटणारी अवस्था ती हीच. माझ्या मते बालमानसशास्त्रातल्या मोठ्या शोधांत हे निरीक्षण धरायला हवे. रडणारे मूल कुणाच्याही लक्षात येते. गप्प झालेल्या मुलाकडे पाहायला चिकाटी लागते.

डॉक्टर ऐकेनात, तेव्हा रॉबर्टसन यांनी कॅमेरा घेतला. लॉरा, वय २ वर्षे ५ महिने, बेंबीच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस दाखल. वाईट तेवढेच निवडून टिपले असा आरोप होऊ नये म्हणून चित्रीकरणाच्या वेळा आधीच ठरवल्या, आणि वॉर्डातले घड्याळ चित्रात येऊ दिले. लॉरा फारशी रडत नाही. टेडी कवटाळून ती आईबद्दल विचारते, चेहरा आवरून धरते. आई भेटायला आली की तोंड फिरवते. घरी निघताना आपली एकूण एक वस्तू गोळा करते, पण आईचा हात काही धरत नाही.

१९५२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये हा मूकपट दाखवला गेला, तेव्हा सभागृह खवळले. आमच्या व्यवसायाची ही बदनामी आहे, असे म्हणणारे तज्ज्ञ तिथे होते. तरी सात वर्षांनी, १९५९ मध्ये, सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने भेटीच्या वेळांचे बंधन काढण्याची आणि लहान मुलांबरोबर आईला राहू देण्याची शिफारस केली. कागदावरून ती वॉर्डात उतरायला पुष्कळ काळ गेला. त्यासाठी पालकांना १९६१ पासून संघटना बांधून भांडावे लागले.

आईपासूनच्या ताटातुटीने मूल खचते, या बोल्बींच्या मांडणीची एक बाजू मात्र मला आजही खटकते. मुलाच्या मनाचा सगळा भार त्या मांडणीने एकट्या आईवर टाकला. मायकेल रटर यांनी १९७२ मध्ये तिची नीट उलटतपासणी केली: मूल आईखेरीज इतरांशीही घट्ट नाते जोडते, आणि निव्वळ ताटातुटीपेक्षा घरातली भांडणे, बदलती माणसे, तुटपुंजी देखभाल यांचा घाव पुष्कळदा खोल असतो.

रॉबर्टसन आणि त्यांच्या पत्नी जॉइस यांच्या पुढच्या चित्रपटांतूनही हेच दिसते. आई बाळंतपणाला गेली असताना १७ महिन्यांचा जॉन नऊ दिवस निवासी पाळणाघरात राहिला. तिथल्या बायका प्रेमळच होत्या, पण पाळीगणिक बदलत होत्या. त्याची अशी एकही नव्हती, आणि दिवसागणिक तो ढासळत गेला. इतर काही मुलांना मात्र आई दूर असताना रॉबर्टसन दांपत्याने स्वतःच्या घरी ठेवून घेतले. तिथे सांभाळणारे माणूस एकच होते, जॉइस. ती मुले बेचैन झाली, पण सावरली.