कुपीत न आलेली दोन प्रथिनं

सातव्या महिन्यातच जन्मलेलं बाळ काचेच्या पेटीत असतं. दर श्वासाला त्याच्या बरगड्या आत ओढल्या जातात. डॉक्टर एक लहानशी कुपी कोमट करून घेतात आणि तिच्यातलं दुधासारखं पांढरं औषध बारीक नळीवाटे थेट बाळाच्या श्वासनलिकेत सोडतात. पुष्कळदा थोड्याच वेळात बाळाचा निळसरपणा ओसरू लागतो. गाईच्या किंवा डुकराच्या फुप्फुसातून काढलेलं हे सर्फॅक्टंट.

अशी बाळं दगावतात ती हा पदार्थ पुरेसा नसल्यामुळे, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९मध्ये दाखवलं. १९६३मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा नवजात मुलगा पॅट्रिक याच आजाराने ३९ तासांत गेला. त्याच्या वडिलांकडे सगळं होतं, पण ही कुपी तेव्हा जगात कुठेच नव्हती. १९८०मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी दहा बाळांना सर्फॅक्टंट दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा वाट मोकळी झाली.

फुप्फुसातल्या वायुकोशाच्या आत पाण्याचा पातळ थर असतो. त्याच्या ताणाने वायुकोश मिटू पाहतो, सर्फॅक्टंट तो ताण उतरवतं. त्यातला मोठा भाग स्निग्ध पदार्थांचा, आणि एसपी-बी व एसपी-सी ही प्रथिनं त्यांना पसरायला मदत करतात. पण त्याच थरात एसपी-ए आणि एसपी-डी अशी आणखी दोन प्रथिनं असतात. त्यांचं मुख्य काम वेगळंच, आणि मला ते अधिक विलक्षण वाटतं.

बोटात काटा मोडला तर बोट सुजतं, ठणकतं, चार दिवसांत बरं होतं. वायुकोशाला अशी सूज परवडत नाही. हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत एका मायक्रॉनहूनही पातळ. ती सुजली की श्वासच अडला. आणि श्वासाबरोबर धूळ, बुरशी, विषाणू तर रोजच आत येणार. म्हणजे शत्रू मारायचा, पण घराच्या भिंतीला धक्का लावायचा नाही.

हे काम एसपी-ए आणि एसपी-डी यांचं. ही प्रथिनं साखर ओळखतात. त्यांचे रेणू देठांच्या जुडीसारखे असतात. देठाच्या टोकाला डोकं, आणि ते कॅल्शियमच्या मदतीने जंतूच्या अंगावरच्या शर्करा पकडतं. पकडलेले विषाणू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात, आणि वायुकोशात फिरणाऱ्या महाभक्षी पेशींना ते गिळणं सोपं जातं. एसपी-डीचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांच्या फुप्फुसातून फ्लूचा विषाणू लवकर हटत नाही, शिवाय दाहही जास्त होतो.

दाह जास्त का? २००३मध्ये डेन्व्हरच्या संशोधकांनी एक उलगडा मांडला. डोकी रिकामी असताना ही प्रथिनं महाभक्षी पेशीच्या एका ग्राहीला, म्हणजे निरोप घेणाऱ्या रेणूला, धरतात आणि तिला शांत ठेवतात. डोकी जंतूंत गुंतली की देठाची बाजू पेशीकडे येते, दुसऱ्याच ग्राहीला जाऊन लागते, आणि पेशी चवताळते. शांत राहा आणि तुटून पड, हे दोन्ही निरोप एकाच रेणूचे. कोणता द्यायचा, हे त्याच्या हाताला काय लागलं यावर ठरतं.

फ्लूचा विषाणू इथे पेचात सापडतो. प्रतिपिंडांपासून लपण्यासाठी तो वर्षानुवर्षं आपल्या अंगावर शर्करा चढवत जातो, आणि नेमक्या त्यांतल्याच काही एसपी-डीच्या पकडीत येतात. १९१८ची आणि २००९ची साथ आणणाऱ्या विषाणूंच्या माथ्यावर मात्र शर्करा फार थोड्या होत्या, त्यामुळे एसपी-डीला धरायला फारसं काही मिळत नव्हतं. २००९ची ती साथ म्हणजे स्वाइन फ्लू. देशातला तिचा पहिला बळी पुण्यात गेला. त्या ऑगस्टमधले तोंडाला रुमाल बांधलेले रस्ते पुणेकर विसरलेले नाहीत.

मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत तरुणा मदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एसपी-डीवरच काम केलं आहे. मानवी एसपी-डीचा प्रयोगशाळेत घडवलेला एक तुकडा कोरोना विषाणूच्या काटेरी प्रथिनाला चिकटतो आणि पेशींमधला संसर्ग रोखतो, असं त्यांनी २०२१मध्ये दाखवलं. प्रयोगशाळेतल्या पेशींपासून रुग्णाच्या खाटेपर्यंतचं अंतर मोठं आहे, हे खरंच. पण आपल्याच शरीरातला पदार्थ औषध म्हणून वापरून पाहणं मला मोलाचं वाटतं.

आता पुन्हा त्या पेटीकडे. जनावराच्या फुप्फुसातून औषध काढताना चरबी विरघळवणारी द्रावकं वापरतात. त्यांत एसपी-बी आणि एसपी-सी उतरतात. एसपी-ए आणि एसपी-डी पाण्यात विरघळणारी, म्हणून ती मागेच राहतात. फुप्फुस उघडणारी जोडी बाळाला मिळते, राखणारी मिळत नाही. आणि याच बाळांना संसर्गाचा आणि दाहाचा धोका सगळ्यांत जास्त. कृत्रिमरीत्या तयार केलेलं मानवी एसपी-डी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देऊन पाहण्याच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. त्या पूर्ण होईपर्यंत कुपीत न आलेली ती दोन प्रथिनं, किलोभर वजनाच्या त्या जिवाला, स्वतःच्या फुप्फुसातच बनवावी लागतात.